सासूबाईंना डिमेन्शिया आहे, केंद्रात ठेवायचं तर काय बघायचं?

आगरातली_सून
नमस्कार मंडळी. आम्ही गुहागर तालुक्यातले, घर आगरात, मागच्या दारी विहीर आणि पलीकडे समुद्र. सासूबाईंना अल्झायमर आहे. दिवसा निभतं, पण दिवेलागण झाली की सुरू, "मला घरी सोड गो, आई वाट बघत असेल", आणि दार उघडं दिसलं की चालायलाच लागतात. परवा विहिरीच्या कठड्यापाशी सापडल्या. नवरा कामाला चिपळूणला, दीर मुंबईला, ते गणपतीला येतात, दोन दिवस आई छान बोलते आणि मग आम्हालाच ऐकवतात की आई तर बरी आहे. वृद्धाश्रमात विचारलं तर असे पेशंट घेत नाही म्हणाले. डिमेन्शियाची वेगळी केंद्रं असतात म्हणे, पण तिथे बांधून ठेवतात का, गोळ्या देऊन झोपवतात का, कसं ओळखायचं? शिवाय वाडीत बोलणं सुरू झालंय की सुनेने सासूला टाकली.

कुडाळचो_झील
लोकांचा काय घेवन बसलंस, लोक दोन दिस बोलतत आणि गप रवतत. रात्री इहिरीवर कोण येवचो नाय.

मधलीवाट
माझं मत वेगळं आहे. घरचं ते घरचं, एक बाई ठेवा ना. आणि अगदीच नाही जमलं तर रत्नागिरीला सरकारी मनोरुग्णालय आहेच की.

निवृत्त_सिस्टर
मनोरुग्णालय उपचारांसाठी असतं हो, म्हातारपण काढायला नाही. तिथल्या डॉक्टरांना दाखवायला जरूर जा.
ताई, आधी बी१२ आणि थायरॉइड तपासलंय ना? त्यानेही विसरायला होतं आणि ते औषधाने सुधारू शकतं. अचानक वाढलं असेल तर लघवीचं इन्फेक्शन बघा, म्हाताऱ्या माणसांना ताप नसतानाही त्याने भ्रम होतो.
आता केंद्र. सकाळी बघायला जाऊ नका, सकाळी सगळीकडेच छान झाडलेलं असतं. न कळवता दिवेलागणीला जा. कोणी "घरी जायचंय" म्हणत उठलं की तिथली मुलगी काय करते ते बघायचं, हात धरून खाली बसवते, की "चला, मी पण येते, तुमच्या अंगणात काय काय लावलंय?" असं म्हणत दोन फेऱ्या मारून आणते. मला विचाराल तर निम्मा निकाल तिथेच लागतो. मग रात्री किती जण जागे असतात, बांधतात का, हे सरळ विचारा. शांत करायच्या गोळ्या कोण लिहून देतं आणि त्या कमी करायचं कधी बघतात हेही विचारा, कारण डिमेन्शियात त्या गोळ्यांनी स्ट्रोकचा आणि मृत्यूचा धोका वाढतो, आणि लेवी बॉडी नावाचा डिमेन्शियाचा एक प्रकार असतो, त्यात तर फारच जपावं लागतं. पुढे अंथरुणाला खिळल्या, गिळता येईना झालं, तर ठेवणार की घरी पाठवणार, हे लेखी घ्या. सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मान कार्डावर ५ लाखांपर्यंत उपचार आहेत पण ते हॉस्पिटलात अ‍ॅडमिट झाल्यावर, केंद्राची फी त्यात बसत नाही. १४५६७ ही ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन आहे, तिथेही विचारून बघा.

हर्णैचा_पोरगा
आमचे बाबा अशाच एका केंद्रात आहेत. जन्म मच्छीमारीत गेला, त्यामुळे पहाट झाली की "बोटीवर जायचंय" म्हणून दंगा. तिथल्या लोकांनी आम्हाला बसवून विचारलं की हे आधी काय करायचे, कुठली हाक मारली की वळून बघतात, जेवायला काय लागतं. आता सकाळी त्यांच्या पुढ्यात जुनं जाळं असतं, ते दुरुस्त करत बसतात, कधी नीट कधी नुसतेच हात फिरवत, कोणी चुका काढत नाही. तुम्हीही सासूबाईंचं असं सगळं कागदावर लिहून द्या, पेज किती वाजता लागते इथपासून. आणि "सुरुवातीला महिनाभर भेटायला येऊ नका" म्हणणारी जागा मला तरी पटत नाही. घरी असताना मी दाराला कुलूप लावत फिरायचो, आता जातो तेव्हा निवांत शेजारी बसतो, तंबाखूवरून भांडतो.
मधलीवाट, ठेवलेली बाई रात्री झोपते हो, आणि बाबा रात्रीच उठायचे.

मधलीवाट
ते खरंय. रात्रीचा विचार मी केला नव्हता.

आगरातली_सून
सिस्टर, थायरॉइड झालंय, बी१२ राहिलंय, या आठवड्यात करते. दीर म्हणतायत गणपतीनंतर बघू, मी म्हटलं गणपतीनंतर तुम्हीच महिनाभर राहा इथे, मग बघू. अजून उत्तर नाही. विहिरीवर जाळी टाकायला माणूस सांगितलाय. चिपळूण-रत्नागिरीकडे कोणी स्वतः जाऊन बघितलेलं केंद्र असेल तर मेसेज करा, दोन-तीन तासांच्या वाटेवर असलं तरी चालेल.