जुन्या गाडीत घों-घों आणि खडखडाट फार वाढलाय – आधी काय करून घ्यावं? (खानापूर–बेळगाव)

खानापूरकर

नमस्कार मंडळी. गाडी 2012 ची, पेट्रोल, लहान हॅचबॅक, 13 इंची चाकं. इंजिन ठणठणीत आहे, गंज नाही, ॲव्हरेजही चांगलं देते. विकायचा विचार नाही. पंधरा वर्षं भरली की पासिंग करून पुढची पाच वर्षं हीच वापरायची आहे.

अडचण आवाजाची आहे, आणि ती माझ्यापेक्षा बाबांची जास्त आहे. बाबांना श्रवणयंत्र लागलंय. घरात ते सगळं नीट ऐकतात, गप्पा मारतात. दवाखान्यासाठी बेळगावला निघालो की पन्नास-साठचा वेग येईपर्यंत ठीक असतं, त्यापुढं ते यंत्र काढून खिशात ठेवतात. म्हणतात, "नुसता घोंगाट ऐकू यायलाय, तू काय बोलतोस ते कळेना." मग खानापूर ते बेळगाव गाडीत कोणी बोलत नाही. ते मागं बसतात, कारण पाय पसरायला जागा मिळते.

आवाज तीन प्रकारचे आहेत. एक, पन्नासच्या पुढं सलग घों-घों. बेळगाव शहरातल्या काँक्रीटच्या रस्त्यावर तर कमी वेगातही जाणवते. दुसरा, पुढच्या डाव्या चाकाकडून बारीक खड्ड्यात टक-टक, हळू असताना जास्त. तिसरा, जांबोटीच्या बाजूला गेलो की मागून सगळं डबडं वाजल्यासारखा खडखडाट.

बेळगावात एका दुकानात विचारलं. चारही दरवाजे, फ्लोअर आणि टपाला आतून आवाज दाबणारी शीट लावून पंचवीस हजार सांगितले. करून घ्यावं का? दहा-बारा हजारांत काही होईल का? आणि या भागात असं काम मन लावून करणारं कुणी असेल तर सांगा.

रामनगर_रोड

पंचवीस हजार कशाला घालता? पत्र्याच्या शेडची गळती बंद करायला डांबराची चंदेरी पट्टी मिळते, ती दरवाजाच्या आतून चिकटवा. माझ्या मित्रानं केलंय, दोन-तीन हजारांत काम झालं.

उद्यमबाग_फिटर

खानापूरकर, पंचवीस हजार आत्ता घालू नका. आणि रामनगर भाऊ, ती डांबराची पट्टी कृपा करून कुणाला सुचवू नका. एप्रिल-मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिली की डांबर मऊ पडतं, पत्र्यावरून सरकतं, आणि काचेच्या यंत्रणेत अडकलं तर दरवाजा खोलावा लागतो. वास तर महिनोन्‌महिने जात नाही. गाडीसाठी ब्यूटाइल रबराची शीट येते, वर ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो. तीच घ्यायची. पण ती नंतर.

तुमचे तीन आवाज तीन वेगळ्या ठिकाणचे आहेत. शीट लावून त्यातला एकही जाणार नाही, फार तर थोडा दबेल. आणि टक-टक दाबून टाकणं धोक्याचंही आहे, कारण ती गाडी तुम्हाला काहीतरी सांगते आहे.

घों-घोंपासून सुरू करा. पन्नासच्या पुढं लहान गाडीत इंजिनपेक्षा टायरचाच आवाज वरचढ असतो. टायरच्या बाजूला लंबगोलात शेवटचे चार आकडे बघा. 1418 असेल तर 2018 च्या चौदाव्या आठवड्यातला टायर. हे चार आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात, बाहेरून दिसले नाहीत तर खाली वाकून आतल्या बाजूला बघा. गोटी (टायरवरची नक्षी) भरपूर शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांनी रबर कडक होतं आणि कडक रबर जास्त वाजतं. मग गाडी थंड असताना टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवा, आधी पुढून मागं, मग मागून पुढं. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीच्या दात्यांसारखं टोचलं, तर टायर वाकडा झिजलाय. अलाइनमेंट (चाकांचे कोन) बिघडलेलं असतं, नाहीतर टायरची पुढं-मागं अदलाबदल केलेली नसते. मागच्या चाकांत हे फार होतं आणि कुणी बघत नाही. असा टायर अगदी बेअरिंग गेल्यासारखा गुरगुरतो, आणि मग लोक बेअरिंग बदलून बसतात.

दोन्हीतला फरक असा ओळखा. मोकळ्या रस्त्यावर लांबट वळण असेल तिथं नेहमीच्या वेगात जा. उजवीकडं वळताना भार डाव्या चाकांवर येतो. तेव्हा घों-घों वाढली आणि डावीकडं वळताना कमी झाली, तर डाव्या बाजूचं बेअरिंग. वळणानं फरक पडत नाही पण डांबर सोडून काँक्रीटवर गेलं की सूर बदलतो, तर टायर. तुमच्या वर्णनावरून मला टायरच वाटतो. खात्री करायची तर गॅरेजमध्ये गाडी उचलून चाक हातानं फिरवायला सांगा आणि दुसरा हात त्या चाकाच्या स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगमध्ये खरखर हाताला लागते. कानापेक्षा हात चांगलं सांगतो.

हवा जास्त भरली की टायर टणक होतो आणि आवाज वाढतो. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरच्या आकड्याइतकीच हवा ठेवा. पंपावर डोळे मिटून 35 भरतात, तसं करू देऊ नका.

डाव्या पुढच्या चाकाची टक-टक बहुतेक लिंक रॉडची, म्हणजे गाडीचं झुकणं आवरणारा स्टॅबिलायझरचा दांडा चाकाकडं जोडणाऱ्या छोट्या दांडीची. हळू वेगात, बारीक खड्ड्यात, एका बाजूनं – अगदी तीच लक्षणं आहेत. जोडी हजार-दोन हजारांत होईल. बदलायच्या आधी एक गोष्ट करा: तसाच खराब रस्ता आला की ब्रेकवर पाय अगदी हलका टेकवून ठेवा. आवाज तेवढ्यापुरता बंद झाला, तर तो ब्रेकच्या कॅलिपरच्या पिना किंवा पॅडचा आहे, लिंक रॉडचा नाही. स्टिअरिंग जागेवर वळवताना कट्ट असा आवाज येत असेल तर शॉकअपचा वरचा माउंट बघायला सांगा. चाक धरणाऱ्या लोअर आर्मचा बुश आणि बॉल जॉइंटही त्याच वेळी हलवून बघायचे.

मागचा खडखडाट घरीच सापडेल. डिक्की पूर्ण रिकामी करा: जॅक, पाना, स्टेपनी, पार्सल ट्रे (डिक्कीवरची झाकणाची फळी), सगळं घरी ठेवा आणि जांबोटी रोडला एक फेरी मारा. आवाज गेला तर एकेक वस्तू परत ठेवत जा. नाही गेला तर मागच्या सीटची कडी आणि बेल्टचं बकल बघा. कडीच्या खिळ्यावर कापडी टेपचे दोन वेढे दिले की बरेच वेळा तिथंच काम संपतं. पार्सल ट्रे जिथं टेकतो तिथं फेल्टचा तुकडा. हे झालं की गाडीखालून सायलेन्सरवरचा उष्णता अडवणारा पत्रा हातानं (गाडी गार असताना) हलवून बघा. त्याचं बोल्टाचं भोक गंजून मोठं झालं की तो चहाच्या कपबशीसारखा किणकिणतो. होज क्लिपनं आवळता येतो, पत्रा काढून मात्र टाकू नका.

एवढं झाल्यावर राहील त्याला शीट.

चिकोडीची_बाई

फिटरदादांनी सगळं सांगितलंच आहे, पण दरवाजाचं बीडिंग, म्हणजे कडेचं रबर, राहिलं. आमच्या गाडीत ऐंशीला शिट्टीसारखा आवाज यायचा. चौकटीवर वहीचा कागद ठेवून दरवाजा लावायचा आणि कागद ओढायचा. घट्ट लागला तर रबर ठीक, सुळ्ळकन आला तर तिथून वारा आणि आवाज दोन्ही आत येतात. चारही दरवाजांना दर वीतभर अंतरावर बघा. आमचं रबर फाटलेलं नव्हतं, फक्त दबलं होतं. दरवाजाची कडी ज्या खुंटीत अडकते ती मिस्त्रीनं किंचित आत सरकवली आणि रबराला सिलिकॉन ग्रीस लावलं. शिट्टी गेली, आणि दरवाजा लागल्याचा आवाजही भरीव झाला. ग्रीस सिलिकॉनचंच हवं, साधं तेल रबर फुगवतं.

इकडं रायबाग-चिकोडी पट्ट्यात उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॉल्यांनी रस्त्याची पार चाळण होते. त्या चार-पाच महिन्यांत काचाही वाजायला लागतात. काच अर्धी उघडल्यावर खडखडत असेल तर काचेच्या खाचेतलं फेल्ट गेलंय. ते स्वस्तात मिळतं.

हलशीकरीण

मी गाडीबद्दल नाही, बाबांबद्दल लिहिते. सासूबाईंना यंत्र आहे म्हणून माहिती आहे.

त्यांना आधी पुढच्या सीटवर बसवा. हॅचबॅकमध्ये मागं बसणारा अगदी मागच्या चाकांच्या कमानीजवळ असतो, डिक्कीचा आवाज थेट कानामागून येतो. शिवाय बऱ्याच यंत्रांचे माइक समोरचा आवाज धरायला आणि मागचा दाबायला लावलेले असतात. मागं बसलेल्या माणसाला पुढच्याची पाठ दिसते, ओठ दिसत नाहीत. पुढं बसले की त्यांचा उजवा कान तुमच्याकडं येतो. कोणत्या कानानं चांगलं ऐकतात ते बघा. पाय पसरायला पुढची सीट पूर्ण मागं सरकवा.

दुसरं, यंत्र लावून देणाऱ्यांना सांगा की गाडीत त्रास होतो. बऱ्याच यंत्रांत गाडीसाठी वेगळा प्रोग्रॅम घालून देता येतो. वयानं कमी झालेलं ऐकणं बहुतेकांचं वरच्या पट्टीतलं असतं: स, श, त, फ अशी बारीक व्यंजनं आधी जातात. रस्त्याचा घोंगाट खालच्या पट्टीत, पण एवढा मोठा असतो की उरलंसुरलं तोच झाकून टाकतो. म्हणून तुम्ही ओरडून बोललात तरी उपयोग होत नाही. घोंगाट कमी झाला तरच होतो. गाडीचं काम नक्की करून घ्या, बाबांना फार फरक पडेल.

तोवर काचा पूर्ण बंद आणि एसी आतल्या हवेवर.

खानापूरकर

हलशीकर ताई, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. फिटरदादा, एक विचारतो. सगळं झाल्यावर शीट लावायचीच म्हटली तर कुठून सुरुवात करू? आणि आमच्याकडचा पाऊस बघता दरवाजात पाणी साठणार नाही ना?

उद्यमबाग_फिटर

योग्य प्रश्न विचारलात. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

दरवाजा हा वरून उघडाच असतो. काचेच्या फटीतून पाणी आत येतं आणि तळाच्या भोकांतून खाली जातं. शीट किंवा तिचा कापलेला तुकडा त्या भोकांवर आला की पाणी आत तुंबतं आणि दोन पावसाळ्यांत दरवाजाची खालची कड फुगायला लागते. तसंच आतल्या पॅनेलमागं प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. घाईत काम करणारे तो फाडून फेकतात, मग पाणी थेट पायाखालच्या मॅटवर. तो कागद होता तसा परत चिकटवायलाच सांगा. दरवाजात स्पंज किंवा गोणपाटासारखं फेल्ट नको, ते पाणी धरून बसतं. फोम लावायचाच तर बंद छिद्रांचा.

सुरुवात मागच्या चाकांच्या कमानी आणि डिक्कीच्या तळापासून करा. हॅचबॅकमध्ये घोंगाट तिथूनच आत येतो. मग पुढचे दोन दरवाजे. टपाला लावायची गरज नाही, आमच्या पावसाचा टपावरचा आवाज फारच खटकत असेल तरच. सगळा पत्रा झाकायचीही गरज नसते. पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक करा, जिथं टण्ण वाजतो तिथं मधोमध तुकडा लावा. पंचवीस-तीसेक टक्के पत्रा झाकला तरी त्याची थरथर मोडते. त्याहून जास्त लावाल तो नुसता वजनाचा भार. दोन मिलिमीटर जाडीची शीट चौरस मीटरला तीन किलोच्या आसपास जाते, सगळी गाडी मढवली तर एक माणूस जास्त बसवल्यासारखं होतं. एक समजून घ्या: ही शीट पत्र्याचं थरथरणं थांबवते. टायरचा आवाज हवेतून येतो तेवढा तिनं अडत नाही, म्हणून टायर आधी.

लावताना पत्रा थिनरनं पुसून कोरडा हवा, आणि रोलर एवढा दाबून फिरवायचा की चंदेरी थरावरची उठावाची नक्षी सपाट व्हावी. नक्षी दिसत राहिली तर शीट नीट बसलेली नाही. दुकान निवडताना एवढंच करा: आधी एकच दरवाजा तुमच्यासमोर करायला सांगा. भोकं मोकळी ठेवली, प्लास्टिकचा कागद परत लावला, तुटलेल्या क्लिपा नवीन घातल्या, तर बाकीचं काम द्या. समोर उभं राहू देत नसतील तर देऊ नका. सस्पेन्शनचं काम बेळगावच्या उद्यमबागेत चांगलं होतं, त्यासाठी कोल्हापूरला जायची गरज नाही.

निपाणी_घाट

टायर घेताना साइज स्टिकरवरचीच घ्या. दिसायला छान म्हणून रुंद टायर घातला की आवाज वाढतो आणि स्टिअरिंगही जड होतं. दुकानदाराला "शांत चालणारा" म्हणूनच मागा, ट्रॅक्टरसारखी ठोकळ्यांची नक्षी नको. आणि एकाच ॲक्सलवर (पुढच्या किंवा मागच्या जोडीत) दोन वेगळ्या जातीचे टायर नकोत. स्तवनिधी घाटात ओल्या रस्त्यावर कळतं ते.

खानापूरकर

मंडळी, काम करून घेतलं, म्हणून कळवतोय.

मागचे दोन्ही टायर 2017 चे निघाले आणि हात फिरवला तर दादांनी लिहिलंय तसेच करवती. बेअरिंग चांगली आहेत, स्प्रिंगवर हात ठेवून मीच बघितलं. मागचे दोन नवीन घातले, अलाइनमेंट केली. घों-घों निम्म्याहून खाली आली. टक-टक डाव्या लिंक रॉडचीच होती, जोडी बदलली. मागचा खडखडाट पार्सल ट्रे आणि सीटच्या कडीचा होता. टेप आणि फेल्टवर भागलं. बीडिंग फक्त मागच्या उजव्या दरवाजाचं ढिलं होतं.

शीट चाकांच्या कमानी, डिक्की आणि पुढचे दोन दरवाजे एवढीच लावली. सगळं मिळून त्या दुकानाच्या पंचवीस हजारांच्या बरंच आत बसलं, टायर धरून. बाबा आता पुढं बसतात. देसूर ओलांडेपर्यंत परवा त्यांनी शेताच्या बांधाचं जुनं भांडण पूर्ण सांगितलं, मधे यंत्राला हात लावला नाही.

एकच राहिलंय. ब्लोअर तीनवर नेला की डॅशबोर्डमागून फडफड येते. कुठून असेल?

उद्यमबाग_फिटर

गाडी झाडाखाली लावता का? मग पान असणार. वायपरखालच्या जाळीतून पानं आत जातात आणि ब्लोअरच्या पंख्यात अडकतात. डॅशबोर्डमधला डाव्या बाजूचा कप्पा (ग्लोव्ह बॉक्स) काढला की बहुतेक गाड्यांत ब्लोअर तिथंच खाली दिसतो, तीन स्क्रू असतात. पंखा साफ करा, आणि वायपरखालची जाळी उचलून तिथलाही कचरा काढा, नाहीतर पावसाचं पाणी तिथून केबिनमध्ये उतरतं. जूनच्या आत हे करताना दरवाजांच्या तळाची भोकंही बारीक तारेनं मोकळी करून घ्या. नवीन शीटचे कापलेले कण तिथं जाऊन बसतात.