खाजनात खणताना लागलेला शिंपल्यांचा थर: तिथलाच की वाहून आलेला?

खाजनकाठ (दिवाडी, गोवा): आमच्या खाजनात, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या सखल शेतात, मानशीजवळ (भरतीचं पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराजवळ) तळं खणताना दीड मीटरवर काळ्या चिखलात शिंपल्यांचा वीतभर थर लागलाय. कालवं, तिसऱ्या, शिवाय जुन्या खिडक्यांना लावायचे तसले पातळ शिंपले. प्राणी तिथेच जगले की भरतीनं आणून टाकले? घरी आणलेल्यांवर पांढरी पूडही धरलीय.

भिंगवाला: आधी उपसणं थांबवा. शिंपला हातात आला की निम्मी माहिती गेली, तो कसा पडला होता हीच तर गोष्ट आहे. तिसरीच्या दोन्ही झडपा (शिंपल्याचे दोन अर्धे भाग) मिटलेल्या, शिंपला चिखलात उभा असेल तर ती जिवंतपणी होती तिथेच गाडली गेली. सुट्या झडपा बहुतेक पालथ्या, म्हणजे पाण्याच्या ओढीनं बसवलेल्या. मग एकाच जातीच्या 100 सुट्या झडपा घेऊन डाव्या-उजव्या मोजा. जवळपास निम्म्या-निम्म्या असल्या तर फार लांबून आलेल्या नाहीत. 80-20 असल्या तर प्रवाहानं निवड केलीय, कारण दोघींचा आकार आरशातल्यासारखा उलटा असतो. कालवांना हा हिशेब लावू नका, त्यांची डावी झडप खोलगट, उजवी झाकणासारखी चपटी. खिडकीच्या शिंपल्यांची कड शाबूत असेल तर फरफट झालेली नाही.

चिखलमाती: आतली बाजू बघा. आतून बार्नेकल (खडकांना, होड्यांना चिकटून राहणारे कवचाचे छोटे समुद्री जीव) चिकटलेत? मग प्राणी मेल्यावर शिंपला बरेच दिवस उघडा पडून होता. बाहेरून असतील तर काही सिद्ध होत नाही, ते जिवंतपणीही बसतात. बिजागरीपाशी तिरप्या कडेचं गोल भोक दिसलं तर मारेकरी नॅटिका गोगलगाय.

कपाट-दमट: पूड दोन प्रकारची. सुकल्यावर काही दिवसांतच आली तर मीठ. स्वच्छ शिंपल्यांवर महिन्यांनी, प्लायवूडच्या बंद कपाटात आली तर लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफा; पावसाळ्यात जोर जास्त. दोन्हींवर उपाय गोडं पाणी: रोज बदलत आठवडाभर. शेवटच्या पाण्याचा थेंब काचेवर सुकवा, शेजारी नळाच्या पाण्याचा; डाग सारखेच दिसले की मीठ संपलं. सावलीत सुकवा. व्हिनेगर अजिबात नको, शिंपलाच विरघळतो. पापुद्रे सुटत असतील तर अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेलं 5% पॅरालॉइड बी-72 (वस्तू घट्ट करायला वापरतात ते अ‍ॅक्रिलिक राळेसारखं द्रव्य) लावा, तेही कोरड्या दिवशी. दमट हवेत अ‍ॅसिटोन उडताना पृष्ठभाग गार होतो, दव धरतं आणि थर दुधाळ होतो. फेव्हिकॉल नको, त्यातूनही आम्ल सुटतं. ठेवायला प्लास्टिकचा डबा.

खाजनकाठ: याला जीवाश्म म्हणायचं का?

भिंगवाला: रूढ रेषा 10,000 वर्षांची, त्याअलीकडचे ते उपजीवाश्म. वाचायची रीत तीच. आपल्या गोव्यातल्या खाणींतले लोहखडक मात्र अब्जावधी वर्षांचे, तिथे तिसऱ्या शोधू नका. शिंपल्यातल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढायचं झालं तर जोडीनं मिटलेलाच शिंपला द्या. सुटी झडप जुन्या थरातून उकरून आलेली असू शकते.