पिकलिंग पेस्टला नुसतं पाणी पुरत नाही
'कुठलंही ॲसिड अंगावर उडालं की १५ मिनिटं नळाखाली धरायचं, बास' असा सल्ला सर्रास दिला जातो. सल्फ्युरिक, हायड्रोक्लोरिकसाठी ठीक. पण स्टेनलेस स्टीलच्या वेल्डवरचे जळके डाग काढायला ब्रशने लावतात त्या पिकलिंग पेस्टमध्ये नायट्रिकसोबत बहुधा हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, आणि तिथे एवढ्यावर थांबणं धोक्याचं आहे. त्यातला फ्लोराइड कातडीतून आत झिरपतो आणि शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतो. जास्त भाजलं तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो. फसवं म्हणजे, द्रावण सौम्य असेल तर आधी दुखतही नाही; कळ काही तासांनी सुरू होते.

मी फॅब्रिकेशन शॉपमध्ये सुपरवायझर असताना आमच्या एका हेल्परच्या ग्लोव्हला बारीक भोक होतं. हात धुऊन तो घरी गेला आणि मध्यरात्री बोट ठणकायला लागलं. दवाखान्यात त्याला 'ॲसिड' एवढंच सांगता आलं, कारण आम्ही पेस्ट बिनलेबलच्या बरणीत काढून देत होतो. ती चूक माझी, अजून सलते. बोट वाचलं, पण नख गेलं. त्या दिवसापासून बरणी बंद, मूळ डब्यातूनच काम. शिवाय २.५ टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल कामाच्या जागीच ठेवलं. आधी भरपूर पाणी, मग जेल चोळत राहायचं (चोळणाऱ्यानेही ग्लोव्ह घालून), आणि दुखत नसलं तरी सेफ्टी डेटा शीट (पेस्टमध्ये काय आहे, धोके काय, ते सांगणारा कंपनीचा कागद) घेऊन लगेच हॉस्पिटल गाठायचं. तुमच्या फर्स्ट एड पेटीत हे जेल आहे का, ते उद्याच बघा. असेल तर एक्स्पायरीही तपासा.