दर 3 मिनिटांचा ब्रेक की दोन तासांनी एकदम?

रोजमेळ: दिवसाला सात-आठ तास बिलांची एंट्री, बहुतेक नमपॅडवर. मान आणि उजवा खांदा भरून येतो. वर्करेव (ब्रेकची आठवण करून देणारं सॉफ्टवेअर) टाकलंय, पण ते दर 3 मिनिटांनी अडवतं, लय तुटते आणि 'पोस्टपोन' दाबलं जातं. त्यापेक्षा दोन तासांनी वीस मिनिटं उठलं तर चालेल का?

खतावणी: नाही. बोटं चालतात तेव्हा हात उचलून धरायचं काम मान-खांद्याचे स्नायू करतात. ते तासन्‌तास थोडे आवळलेलेच राहतात, रक्तपुरवठा मंदावतो. दोन तास साचलेला शीण वीस मिनिटांत उतरत नाही. तासाला 5 ते 10 मिनिटं उठणं केव्हाही बरं. साहेबांना पटवायचं असेल तर अमेरिकेतल्या निऑशचा (कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य यावर संशोधन करणारी सरकारी संस्था) 2000 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास दाखवा. कर खात्यातल्या डेटा एंट्रीवाल्यांना नेहमीच्या ब्रेकशिवाय, ज्या तासांत ब्रेक नव्हता त्या प्रत्येक तासाला 5 मिनिटं जादा दिली. दुखणं आणि डोळ्यांचा ताण कमी झाला, काम मात्र घटलं नाही.

उभाआडवा: सेटिंग बदला. मायक्रो-ब्रेक 10 मिनिटांनी 20 सेकंद, रेस्ट ब्रेक 50 मिनिटांनी 5 मिनिटं. रेस्ट ब्रेकची 'पोस्टपोन' आणि 'स्किप' बटणं लपवून टाका, नाहीतर बोट तिकडेच जातं. आणखी एक: वर्करेव कीबोर्ड-माउसची हालचाल मोजतं. स्क्रीनवर नुसतं वाचत बसलात तर घड्याळ थांबतं, म्हणून तेव्हा 'रीडिंग' मोड लावा.

त्या 20 सेकंदांत हात मांडीवर सैल सोडायचे, सहा मीटरपलीकडे बघायचं, पापण्या पूर्ण मिटून उघडायच्या. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. एसीचा झोत तोंडावर असेल तर जास्तच. मोबाइल हातात घेतला की ब्रेक संपला. मान पुन्हा खाली, अंगठा पुन्हा कामाला!

रोजमेळ: आणि करंगळी बधिर होते ते?

खतावणी: कोपर टेबलाच्या कडेवर टेकतंय का बघा; करंगळीकडे जाणारी नस तिथे दबते. खुर्ची वर घ्या, पाय टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री बधिर होऊन जाग येत असेल तर मात्र ती मनगटातली नस. त्यासाठी ब्रेकवर विसंबू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.