सरपंच एका पॅनेलचा, सदस्य दुसऱ्याचे, आणि चैत्रात यात्रा. तुमच्या गावात असं मिटलं असेल तर सांगा

माणदेशकर | ३ जानेवारी २०२३

नमस्कार मंडळी. मी माण तालुक्यातला. साडेतीन एकर रान, त्यात दीड एकर डाळिंब. गावाचं नाव लिहीत नाही, कारण दोन्हीकडची पोरं इथं वाचतात.

आमच्याकडे १८ डिसेंबरला मतदान झालं, २० ला मोजणी. सरपंच थेट जनतेतून. एका पॅनेलचा सरपंच अकरा मतांनी आला आणि नऊपैकी सहा सदस्य दुसऱ्या पॅनेलचे आले. त्यामुळं जिंकलो आपणच, असं दोघंही म्हणतात. गुलाल दोघांनी उधळला, मिरवणुका देवळापुढं समोरासमोर आल्या आणि ढकलाढकली झाली. कुणाला मोठं लागलं नाही, पण तेव्हापासून चहाच्या टपरीवरसुद्धा बसायच्या जागा ठरल्यात.

घरातलं सांगतो. वडील सदस्याला उभे होते, पडले. माझा चुलतभाऊ, मी त्याला दादा म्हणतो, तो सरपंचाच्या पॅनेलकडून बूथवर बसला होता. आमची विहीर सामाईक. आठवडा त्यांची पाळी, आठवडा आमची, आजोबांपासून चालत आलेलं. मोजणीनंतर तिसऱ्या रात्री माझी पाळी होती, लाइट रात्री बाराची. बॅटरी घेऊन गेलो तर स्टार्टरच्या पेटीला नवं कोरं कुलूप. दगड हातात घेतला होता, पण तोडलं नाही, परत आलो. सकाळी वडील गेले आणि त्याच कडीत त्यांनी आपलंही कुलूप अडकवलं. आता दोन किल्ल्या एका वेळी आल्याशिवाय पेटी उघडत नाही. दहा-बारा दिवस मोटर बंद आहे. आंबे बहाराचा ताण तोडायची, म्हणजे डाळिंबाला पाणी सोडायची वेळ आली, बाग माझी वाळतेय आणि त्याचाही कांदा वाळतोय.

आई काल विचारत होती, संक्रांतीचं वाण द्यायला जाऊबाईंकडं जायचं का नाही. वडील काही बोलले नाहीत. ती अजून वाट बघतेय.

गावचं असं, की मासिक सभेला कोरम होत नाही. पाणी सोडणाऱ्या माणसाचा दोन महिन्यांचा पगार थकलाय, त्यानं सांगून टाकलंय की २६ जानेवारीनंतर वॉल्व्हला हात लावणार नाही. आणि आता बोललं जातंय की भैरोबाच्या यात्रेला दोन पट्ट्या म्हणजे वर्गण्या, आणि पालखीच्या मिरवणुकाही, म्हणजे छबिने, दोन निघणार. पालखी एकच आहे. ती कुणी घ्यायची यावरून डोकी फुटतील, ही मला खरी भीती आहे.

कुणाच्या गावात असं होऊन मिटलं असेल तर नेमकं काय केलं ते सांगा. 'समजूतदारपणा दाखवा' हे कृपया लिहू नका. ते मी घरात रोज बोलतोय.

निवृत्त ग्रामसेवक, खटाव | ३ जानेवारी

माणदेशकर, एकतीस वर्षं सेवा झाली, सात गावं केली. तुमच्यासारखी परिस्थिती थेट सरपंच आल्यापासून जास्त बघितली. २०१७ ला थेट निवड आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. सदस्यांतून सरपंच व्हायचा तेव्हा बहुमत ज्याचं त्याचाच सरपंच असे. आता एका गावात दोन कौल मिळू शकतात आणि दोन्ही खरे असतात. हे दोन्ही गटांना आधी मान्य करायला लावा. 'लोकांनी आम्हालाच निवडलं' हे दोघांचंही बरोबर आहे.

दुसरं, अविश्वासाच्या गप्पा चालू असतील तर थांबवा. थेट निवडलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं ठराव आणताच येत नाही. पुढंही तीन-चतुर्थांश सदस्य लागतात, वर ग्रामसभेत गुप्त मतदान. तुमच्याकडे सहाच आहेत, नवाला ते पुरत नाहीत. म्हणजे डिसेंबर २०२४ पर्यंत दोघांना एकमेकांसोबतच राहायचंय. मी हे दोन गावांत सभेत वाचून दाखवलं होतं. लोकांचा आवाज तिथंच खाली आला, कारण घाई कशाचीच उरली नव्हती.

सभेला न येणाऱ्या सदस्यांना ग्रामपंचायत कायद्याचं कलम ४० सांगा. पंचायतीच्या परवानगीशिवाय सलग सहा महिने सभेला गैरहजर राहिलं तर सदस्यपद जाऊ शकतं. पण हे धमकी म्हणून सांगू नका. तुमच्या ग्रामसेवकानं सगळ्यांसमोर माहिती म्हणून सांगावं.

तंटामुक्त समितीचं कुणी सुचवेल म्हणून लिहितो. १५ ऑगस्ट २००७ ला मोहीम सुरू झाली तेव्हा बांधाची, भावकीची भांडणं गावात बसून खरंच मिटली, मी स्वतः समितीत कागद केलेत. पण आता बऱ्याच गावांत समितीचा अध्यक्ष कुठल्या पॅनेलचा यावरच भांडण असतं. तुमचं भांडण निवडणुकीचंच आहे, तेव्हा तिथं नेऊ नका. विहिरीचं मात्र नेता येईल, तेही दोघं तयार असतील तर.

दुष्काळी_भाग | ४ जानेवारी

पुढच्या वेळी बिनविरोध करा, विषय संपला. आमच्या शेजारच्या गावात तीन वेळा बिनविरोध झालीय. हिवरे बाजारचं बघा.

निवृत्त ग्रामसेवक, खटाव | ४ जानेवारी

बिनविरोध चांगली, पण कशी होते ते बघावं लागतं. २०२१ च्या जानेवारीत राज्य निवडणूक आयोगानं नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी इथली निवडणूक रद्द केली. पदांचा लिलाव झाल्याचं समोर आलं होतं. उमराण्यात बोली देवळाच्या कामासाठी म्हणून लागली, दोन कोटींच्या वर गेल्याच्या बातम्या होत्या. देवाच्या नावानं झालं तरी ज्याच्याकडं पैसा नाही त्याचं मत तिथंच संपलं. आणि हिवरे बाजारात त्याच जानेवारीत तीस वर्षांनी मतदान झालं. पोपटराव पवारांच्या पॅनेलनं सातही जागा घेतल्या आणि गाव पुढं चाललं. मतदान झालं म्हणून गाव मोडत नाही.

मला यापेक्षा गडचिरोलीतलं मेंढा-लेखा आठवतं. धानोरा तालुक्यातलं गोंड लोकांचं छोटं गाव. तिथं बहुमतानं निर्णय घेतच नाहीत. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेला जातो, मध्ये अभ्यासगटात चर्चा होते. २००९ ला सामूहिक वनहक्क मिळालेल्या पहिल्या गावांतलं ते एक. आपल्या दोन-अडीच हजारांच्या गावाला सगळं तसं जमणार नाही. पण यात्रा, स्मशानभूमी, पिण्याचं पाणी एवढ्या तीन विषयांपुरतं 'मतदान नाही, सगळ्यांचं होईपर्यंत बसायचं' हे का जमू नये?

कोरेगावची ताई | ५ जानेवारी

दादा, मी पाच वर्षं सदस्य होते, महिला राखीव जागेवरून. आमच्या गावात चार वर्षं दोन यात्रा झाल्या. दोन तारखा, दोन पट्ट्या, दोन ऑर्केस्ट्रा. पुढारी मिटवतील म्हणून वाट बघितली. ज्यांचं भांडणावर चालतं ते कशाला मिटवतील? मिटलं ते लेकींमुळं.

यात्रेला लेकी माहेरी येतात. दोन तारखा झाल्यावर त्यांनी यायचं कधी? एक भाऊ या गटात, दुसरा त्या गटात. पहिल्या वर्षी पोरी दोन्ही दिवस थांबल्या, दुसऱ्या वर्षी एक दिवस आल्या, तिसऱ्या वर्षी माझ्या नणंदेनं फोनवर भावाला सांगितलं, "तुमची यात्रा एक होईल तेव्हा बोलवा, तोवर मी माझ्या सासरच्या देवाला नारळ फोडते." माझे दीर फोन ठेवून अंगणात बराच वेळ उभे होते. तो माणूस आपल्या गटाच्या मिरवणुकीत पुढं असायचा. अशा आठ-दहा घरांतून निरोप आले, तेव्हा कुठं बैठक झाली.

बैठकीत जुनं कुणी उगाळायचं नाही असं आधीच ठरलं होतं. कुणी चूक कबूल केली नाही, आम्ही मागितलीही नाही. ठरलं ते एवढंच: कमिटीत प्रत्येक आळीचा एक माणूस, वाडीवस्तीचा आणि बौद्धवाड्याचा धरून. मागच्या निवडणुकीत जो उभा होता किंवा पुढच्या वेळी उभा राहणार तो कमिटीत नाही. पट्टी घरटी सारखी. पुढाऱ्याकडून जास्तीचे पैसे घ्यायचे नाहीत, कारण पाच हजार देणारा बॅनरवर फोटो मागतो. आणि हिशोब पालखी देवळात परत येईल त्या रात्रीच फळ्यावर, नारळापासून वाजंत्र्यांपर्यंत. फळा खडूनं लिहिलेला होता, पावसाळ्यापर्यंत कुणी पुसला नाही.

तुमच्या आईंना सांगा, वाणाला जाऊ दे. कुणाला विचारू नका. आणि ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची कायद्यानंच असते. बहुतेक गावांत ती रजिस्टरवर सह्या घेऊन उरकतात. तुमच्याकडे खरी भरवा. पाण्याच्या बाबतीत बायकांना पॅनेल नसतं, हंडा सगळ्यांचा रिकामाच.

माणदेशकर | १५ एप्रिल २०२३

यात्रा गेल्या आठवड्यात झाली. उशिरा लिहितोय, पण ताईंना आणि ग्रामसेवक साहेबांना सांगायचं होतं.

आई संक्रांतीला गेली. काकूनं दार उघडलं, हळदीकुंकू झालं, दोघी फार बोलल्या नाहीत. पण परत येताना आईच्या हातात ओल्या हरभऱ्याचे डहाळे होते.

२५ जानेवारीला महिला सभा झाली. पहिल्यांदा चाळीस-पन्नास बाया आल्या. पाणीपट्टीचा हिशोब मागितला तेव्हा सरपंच म्हणाला सदस्य सही करत नाहीत, उपसरपंच म्हणाला सभाच बोलवत नाहीत. शेवटच्या आळीची एक म्हातारी उठली. तिचं घर टाकीपासून लांब, तिच्या नळाला पाणी सगळ्यात शेवटी येतं. ती म्हणाली, "तुमचं काय चाललंय ते मला कळत नाही. पोरगा वॉल्व्ह सोडतो म्हणून मला दोन हंडे मिळतात. त्याला पैसे द्या." खाली बसली. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेला शंभराचा कोरम सहज झाला आणि त्याच्या पगाराचा ठराव दोन्हीकडच्या हातांनी झाला. मासिक सभा तेव्हापासून होतात. भांडणं होतात तिथं, पण होतात.

यात्रा कमिटी ताईंच्या पद्धतीनं केली. दोन्ही पुढाऱ्यांनी खूप ओढून धरलं, एका बैठकीत रात्रीचे दोन वाजले. शेवटी तमाशा रद्द केला, कारण सुपारी कुणी द्यायची ते ठरेना. लहान पोरं हिरमुसली, मलाही वाईट वाटलं. पण छबिना एकच निघाला. पालखीला खांदा आळीवार ठरवून दिला होता, चिठ्ठ्या टाकून. वडील आणि सरपंच एकाच पालखीमागं चालले, बोलले नाहीत. हिशोब फळ्यावर आहे.

मोटर जानेवारीच्या शेवटी चालू झाली. बहार उशिरा धरला, फळ कमी लागेल. पेटीला अजून दोन कुलपं आहेत. वडील काढायला तयार नाहीत आणि चुलतेही. पण परवा माझी रात्रीची पाळी होती, मी दादाला किल्ली मागायला जायला निघालो तर त्याचाच फोन आला. म्हणाला, "माझी किल्ली बांधावरच्या बाभळीच्या ढोलीत असती. घेत जा, विचारत नको बसू. आणि वर ठेव, खाली मुंग्या हायत."

मी पण माझी तिथंच ठेवतोय आता.