काशीला जाऊन रांगेतच दिवस घालवायचा काय?

टिळकवाडीकर: आईला घेऊन काशी करून आलो. माझं मत सांगतो, शिव्या घाला हवं तर. विश्वनाथाच्या रांगेत तीन तास, आत दोन सेकंद, लगेच ‘चलिए चलिए’ करत बाहेर. आईला विचारलं पिंड दिसली काय, तर म्हणाली फुलंच दिसली रे. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अस्सीपासून घाटाघाटानं निघालो, हरिश्चंद्र, केदार, मग अहिल्याबाई घाट, तिथं आई पायरीवर जी बसली ती उठेचना, गंगेत हात घालून बसलेली नुसती. मला तर काशी तिथं भेटली. परत गेलो तर रांगेला लागणार नाही.

शहापूरची सूनबाई: वा! ज्या अहिल्याबाईंनी 1780 ला देऊळ परत उभं केलं त्यांच्याच घाटावर बसायचं आणि देऊळ सोडायचं? विश्वनाथ न बघता काशी केली म्हणून कुठल्या तोंडानं सांगणार? आणि 2021 ला कॉरिडॉर झाल्यापासून घाटावरून सरळ आवारात जाता येतंय, आधी त्या बोळातनं सासूबाईंना नेताना माझा जीव अर्धा झालेला.

टिळकवाडीकर: सोय झाली मान्य, खरं त्या गल्ल्या, जुनी घरं गेलीच की.

सूनबाई: गुडघे दुखणाऱ्यांना विचारा गल्ल्यांचं!

निपाणीचा पावणा: घाट चाला म्हणायला सोपं हाय. आम्ही आषाढात गर्दी नसणार म्हणून हुशारी करून गेलो, खरं त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतोय हे कुणाला ठाऊक? जिकडं तिकडं कावडवाले, वर गंगेला पूर, एका घाटावरनं दुसऱ्यावर जायची वाट पाण्याखाली, नावा बंद. मग देवळाच्या रांगेशिवाय करणार काय? 😀

टिळकवाडीकर: हे मात्र खरं, पावसाळ्यात नकोच.

कपिलेश्वर भक्त: एवढं लांब कशाला, आपला बेळगावचा कपिलेश्वर दक्षिण काशीच की.

सूनबाई: दर सोमवारी जातोच हो. गंगा कुठाय तिथं?

टिळकवाडीकर: असू दे, रविवारी मावंदं आहे, गंगेच्या गडूची पूजा करून जेवण, सगळ्यांनी या. फक्त आईला काही विचारू नका, कालपासून गल्लीभर सांगत सुटलीय की विश्वनाथाचं दर्शन काय सुंदर झालं म्हणून.