घरी पोल बसवायचाय (पोल फिटनेस, अगदी नवशिकी): कुठला घ्यावा आणि सुरुवात कशी करावी?

सड्यावरची
नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत राहते, नोकरी दिवसभर खुर्चीतली. मध्यंतरी पुण्यात बहिणीबरोबर पोल फिटनेसच्या (म्हणजे धातूच्या उभ्या खांबावरच्या व्यायामाच्या) क्लासला जाऊन आले आणि डोक्यात किडा शिरला. इथे जवळपास क्लास मिळेना, म्हणून पोल घरीच घ्यावा म्हणते. ऑनलाइन बघावं तर स्वस्तातल्या स्वस्तापासून जवळजवळ स्कूटीच्या किमतीपर्यंत सगळं दिसतं, आणि फोटोत सगळे सारखेच.

फ्लॅट भाड्याचा, दुसऱ्या मजल्यावर, वर स्लॅब, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स. नाहीतर देवरुखला गावचं कौलारू घर आहे, तिथे जागा मुबलक. कुठे बसवू? जाडी 45 का 50 मिलिमीटर? क्रोम, पितळ की स्टेनलेस? आणि चाळिशीला टेकलेल्या, एकही पुल-अप न येणाऱ्या बाईने या फंदात पडावं का? उजवा खांदा अधूनमधून कुरकुरतो. सासूबाईंना 'व्यायामाचा खांब' एवढंच सांगितलंय, त्यामुळे 'हे कसलं नाचणं' वाले सल्ले नकोत, ते घरी फुकट मिळतील.

माशाची_आमटी
मल्लखांब शिक गो बाय, पोल कित्याक व्हयो?

उलटं_वटवाघूळ
आमटीकडे दुर्लक्ष कर. मी अलिबागची, माझ्याकडे घरी पोल आहे.

ब्रँड नंतर बघ, आधी मोजपट्टी घे. घरगुती पोल बहुतेक दाबावर उभे राहतात: खाली बैठक, वर चकती, त्यातला जॅक फिरवून पोल छत आणि जमिनीमध्ये घट्ट ताणायचा. भोक पाडावं लागत नाही, म्हणून भाड्याच्या घराला हाच प्रकार. पण एक्स-पोलसारख्या कंपनीचा मूळ संच साधारण 2235 ते 2745 मिलिमीटर उंचीत बसतो, म्हणजे सव्वासात ते नऊ फूट. आपल्याकडचा स्लॅब बहुतेक वेळा साडेनऊ-दहा फुटांवर. मग जादा तुकडा वेगळा मागवावा लागतो, तोही त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा. लोक खोका उघडून, पोल जोडून, स्टुलावर चढतात आणि वर राहिलेल्या फटीकडे बघत बसतात.

यावर एक तोड आहे. हॉलमधून बीम जातोय का बघ. बीमचा तळ स्लॅबच्या फूटभर खाली असतो, त्यामुळे मूळ संच तिथे बसू शकतो, आणि भार घ्यायला बीमइतकी चांगली जागा नाही. अट एकच, वरची चकती पूर्णपणे बीमच्या रुंदीत मावली पाहिजे, कडेला लटकता कामा नये.

फॉल्स सीलिंग असेल तर त्याला पोल टेकवायचाही नाही. उघडा स्लॅब असेल तर तोही ठोकून बघ. खाऱ्या हवेने आतल्या सळया गंजतात, गंजून फुगतात आणि प्लास्टर सुटतं. वरून रंग धड दिसतो, ठोकल्यावर भद्द आवाज येतो. अशा जागी चकती लावलीस तर बसवताना पोल पक्का वाटेल, आणि तू लटकलेली असताना पोपडा निसटून ताण एका क्षणात जाईल. खालच्या टाइलचंही तेच. पोकळ वाजली तर दुसरी जागा शोध.

पंखा! हे कोणी सांगत नाही, कारण परदेशी व्हिडिओंमध्ये छताला पंखाच नसतो. खोलीच्या मधोमध मोकळी जागा असते आणि तिथेच नेमका तो गरगरतो. पोलपासून चारी बाजूंना दीडेक मीटर मोकळं हवं, पंख्याचं पातं धरून.

गावच्या घराचा नाद सोड. वासे आणि रिपा कौलांचा भार पेलायला असतात, खालून जॅकने रेटून घ्यायला नव्हे, आणि उतरत्या छपराला चकती टेकवायला सपाटी कुठली? तिथे स्टेज पोल लागतो, म्हणजे स्वतःच्या रुंद बैठकीवर उभा राहणारा. महाग, जड, आणि अर्धी पडवी अडवतो.

जाडी 45 घे. सध्या तेच प्रमाण आहे, क्लासमध्येही बहुधा तोच भेटेल. 50 जुना, लहान हाताला जड जातो. पंजा फारच लहान असेल तर 42.

पृष्ठभागाबद्दल मतं वेगवेगळी असतात, माझं सांगते. क्रोम सगळीकडे मिळतो, चालतो. घामट हवेत पितळ जास्त धरतं, पण लवकर काळं पडतं, समईसारखी घासाघीस करावी लागते. पावडर कोटिंग इतकं धरतं की फिरताना कातडी ओढली जाते, नवशिक्याला नकोच. मात्र एक आधी सांग: खोटे कानातले घातले की कान चिघळतात का? तसं असेल तर ती निकेलची ॲलर्जी असू शकते, आणि क्रोमच्या खाली सहसा निकेलचा थर असतो. मग स्टेनलेस घे.

फिरता आणि स्थिर असे दोन्ही प्रकार एकाच पोलमध्ये मिळतात, स्क्रू आवळला की स्थिर. तोच घे, आणि शिकताना बरेच दिवस तो स्क्रू आवळलेलाच असू दे. फिरत्या पोलवर चक्कर येते, शिवाय सगळा वेग पोलचा असतो, ताकद आपली वाढत नाही.

वेल्डिंगवाला_कुडाळ
ताई, माझ्याच धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, पण गावातल्या फॅब्रिकेटरकडून पोल बनवून घेऊ नका. आमच्याकडे विचारायला येतात, 'जिन्याचं रेलिंग करता तोच पाइप छताला लावून द्या.' तो 2 इंची पाइप म्हणजे 50.8 मिलिमीटर, पत्रा दीड मिलिमीटरच्या आसपास. रेलिंगला माणूस टेकतो, त्यावर उलटा लटकून झोके घेत नाही. मधोमध बाक आला की संपलं. जोडावर वेल्डिंगचा उंचवटा राहतो, कितीही बफिंग केलं तरी मांडीला लागतो.

दुसरं, स्टेनलेस म्हटलं की ग्रेड विचारा. 304 सांगून 202 खपवणारे पुष्कळ. गिऱ्हाईक चुंबक घेऊन येतं, पण चुंबक दोन्हीला चिकटत नाही, त्यामुळे ती परीक्षा फुकट. 202 मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं. देशावर धकून जातं, समुद्रकाठी तांबूस ठिपके लवकर येतात. बिलावर ग्रेड लिहून मागा. जो लिहून देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

एरंडेल_तेल
मी चिपळूणचा, शाळेत मल्लखांब केलाय. आमटीचा टोमणा अगदीच वाया घालवायला नको. मल्लखांब आपलाच. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभट्टदादा देवधरांनी त्याला पुन्हा उभं केलं, आणि 2019 मध्ये पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कला झाली. पण दोन्ही एकच म्हणणाऱ्यांनी दोन्हींना हात लावून बघावा. आमचा खांब लाकडी, वर निमुळता, जमिनीत पुरलेला, आणि त्याला एरंडेल चोळायचं. पोल वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचा, धातूचा, आणि तिथे तेलाचा थेंब लागला तरी माणूस सरळ खाली. मांडीची आणि काखेची पकड मात्र दोन्हीकडे लागते. जवळ कुठल्या व्यायामशाळेत मुलींचा दोरीचा मल्लखांब चालत असेल तर आठवड्यातून एकदा जा. पोल येईपर्यंत पकड तयार होईल, आणि चूक दाखवायला समोर कोणीतरी असेल.

(तळमजला नाही हे बरं. 2021 च्या पुरानंतर आम्हाला प्रत्येक वस्तूबद्दल पहिला प्रश्न तोच पडतो.)

सड्यावरची
एवढं सगळं! पंखा तर डोक्यातही नव्हता. खोटे कानातले मला चालतात, म्हणजे तो प्रश्न मिटला. पण तेलाचं काय, मी रोज अंघोळीआधी खोबरेल चोळते. आणि पुल-अप?

उलटं_वटवाघूळ
पोलच्या दिवशी खोबरेल बंद, बॉडी लोशनही बंद. आदल्या रात्रीचंही पुरतं जात नाही. पोल रबिंग अल्कोहोल लावलेल्या मऊ फडक्याने पुसायचा, सुरुवातीला आणि मधेमधे. पावसाळ्यात तर पोलवर ओलसर पापुद्रा धरतो, हात लावला की कळतं. हातांना लिक्विड चॉक (पकडीसाठी लावायचा पातळ खडू). झाल्यावर पोल कोरडा पुसून ठेव, घाम आणि खारी हवा मिळून क्रोमला बारीक खड्डे पाडतात. अंगठ्या, बांगड्या, मंगळसूत्र काढून ठेव. एक चरा पडला की गंज तिथूनच सुरू होतो.

कपडे म्हणजे शॉर्ट्स. लेगिंग्ज घालून पोलवर बसताच येत नाही, पकड कापडाला नाही, कातडीला असते. मांड्यांच्या आत आणि पोटऱ्यांवर काळेनिळे डाग पडतील. सासूबाईंना आधीच सांगून ठेव, नाहीतर नवऱ्याची चौकशी होईल.

पुल-अप यायची गरज नाही. पहिले काही आठवडे फक्त धरून उभं राहणं, खांदे कानांपासून खाली ओढून वजन थोडंथोडं हातांवर घेणं, पोलभोवती चालणं. मग फायरमन स्पिन, चेअर स्पिन (पोल धरून घ्यायच्या सोप्या गिरक्या), मग पोल सिट (मांड्यांत पोल धरून बसणं), मग चढणं. प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी, आणि नको वाटते ती बाजू आधी. उलटं होणं घरी एकटीने, व्हिडिओ बघून अजिबात नाही. त्यासाठी पुण्याला बहिणीकडे जा, शिक्षिकेच्या हाताखाली कर. चार इंची मॅट घे, पण ती पाय घसरल्यावर उपयोगी पडते, मानेवर पडल्यावर नाही.

खांद्याचं काम सगळ्यात आधी. कुरकुर म्हणजे नेमकं काय, ते फिजिओथेरपिस्टला दाखव, पोल मागवण्याच्याही आधी. हात डोक्यावर सरळ नेताना दुखत असेल तर लटकायचं नाही.

वेल्डिंगवाला_कुडाळ
आणि ओळंबा लावा ताई. नुसत्या डोळ्याने सरळ वाटतं. पोल तिरका असला की भार एका बाजूला येतो आणि जॅक हळूहळू सैल होतो. दर वेळी चढायच्या आधी आवळून, हलवून बघा.

सड्यावरची
मोजलं. स्लॅब 9 फूट 9 इंच, हॉल आणि जेवणाच्या जागेमधल्या बीमखाली 8 फूट 7 इंच! बीम रुंद आहे, कंपनीला चकतीचं माप विचारते. पंखा लांब आहे, पण जेवणाचं टेबल सरकवावं लागेल. फिजिओची शुक्रवारची वेळ घेतलीय. आता शेवटची शंका: छताला डिस्टेंपर आहे, हाताला पांढरं लागतं. चकतीचा डाग पडेल का? घरमालक वरच्याच मजल्यावर राहतात.

उलटं_वटवाघूळ
डागापेक्षा ती भुकटी वाईट, चकती त्यावरून सरकते. तेवढा गोल ओल्या फडक्याने पुसून काढ, दोन दिवस वाळू दे, मग लाव. मध्ये कागद-पुठ्ठा काही घालू नकोस. घर सोडताना तेवढ्यावर ब्रश मारून दे, डिपॉझिट कापून घेण्यापेक्षा रंगाचा छोटा डबा स्वस्त. आणि मालकांना आधी विचार. वर राहतात म्हणजे तू उडी मारलीस की त्यांना कळणारच आहे.